चला, चौकटी बघायला!

बालमित्रांनो, तुम्ही परभणी जिल्ह्यात पाहुणे म्हणून आलात, तर इथली माणसं तुम्हाला काय काय दाखवतील, सांगू? गंगाखेडला नेतील, कारण ते संत जनाबाईंचं गाव. फेब्रुवारीत आलात तर परभणीला सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दाखवतील. कृषी विद्यापीठाची लांबच लांब शेतं दाखवतील. मानवत आणि सेलूच्या बाजारातला कापूस दाखवतील. आणि 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण तर दिवसातून तीनदा ऐकवतील. तिचा अर्थ मात्र कुणाला विचारू नका, प्रत्येक जण वेगळाच सांगतो!

मी तुम्हाला यातलं काहीच दाखवणार नाही. मी दाखवणार आहे खिडक्या आणि दारं. खिडकीतून बाहेर काय दिसतं ते नाही हं, खिडकीच्या भोवती जे लाकूड असतं ना, ते! हसलात? आमच्या चौथीच्या वर्गातली पोरंही हसली होती. "बाई, लाकडात काय बघायचं?" असं एकानं विचारलंसुद्धा. म्हणून एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही सगळे गावातल्या एका जुन्या वाड्यात गेलो. वाडा पुढच्याच आठवड्यात पाडायचा होता. त्यामुळे उशीर करून चालणार नव्हतं.

आधी आमच्याकडची जुनी घरं कशी असतात ते सांगते. मराठवाड्यातल्या जुन्या घराला कौलं नसतात, माळवद असतं. म्हणजे सपाट मातीचं छत. खाली लाकडाचे खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर लाकडाच्या बारक्या फळ्या किंवा काटक्या, त्यावर पालापाचोळा आणि त्यावर मातीचा थर. हा थर फूट-दीड फुटाचा, कधी त्याहूनही जाड. दर पावसाळ्याआधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर चढवायचा, म्हणजे गळत नाही. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात. घर केवढं आहे हे सांगताना कुणी चौरस फूट सांगत नसे, "आमचं घर सात खणांचं" असं सांगत. तुमच्या आजीला विचारा, तिच्या माहेरचं घर किती खणांचं होतं. पटकन उत्तर येईल.

भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच फूट जाड. काही वाड्यांच्या तर तीन फुटांच्याही वर. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा ४२-४४ अंशांवर जातो, तेव्हा या भिंतींच्या आत बसलं की माठात बसल्यासारखं वाटतं. या भिंतींना बाहेरच्या बाजूला खिडक्या फार थोड्या आणि लहान. ऊन आत येऊ नये आणि चोरही आत येऊ नये, अशी दुहेरी सोय! उजेडासाठी माळवदालाच एक भोक ठेवायचं. त्याला साणं म्हणतात. दुपारी साण्यातून उन्हाचा एक सरळ दांडा खाली उतरतो आणि त्यात धूळ नाचताना दिसते. आमची निम्मी पोरं तिथंच रमली.

आता मुद्द्याची गोष्ट. भिंत सलग असते तोवर ती मजबूत असते. तिच्यात दार किंवा खिडकी ठेवली, म्हणजे आपण तिला मुद्दाम एक भोक पाडलं. मग भोकाच्या वरचे दगड कुणी तोलायचे? ते काम आडव्या लाकडाचं. त्या वाड्याच्या मोठ्या दारावर मुलांनी मान वर करून मोजलं, एकाला एक लागून तीन जाड फळ्या होत्या. प्रत्येक फळी १० इंच रुंद. १० गुणिले ३ म्हणजे ३० इंच, म्हणजे अडीच फूट. आणि भिंत किती जाड होती? अडीच फूट! बाहेरून आत येताना डोक्यावर भिंतीच्या पूर्ण जाडीला लाकूडच लाकूड. आम्ही पोरांना भिंतीची जाडी वेगळी मोजायला सांगितली नव्हती, तरी एक मुलगी ओरडली, "बाई, बरोब्बर आलं!"

खिडकीचंही तसंच. बाहेरून टीचभर दिसणारी खिडकी आत येता येता पसरट होत जाते. त्यामुळे थोडा उजेडही खोलीभर पसरतो. आणि आतल्या बाजूला, खाली, वर, दोन्ही बाजूंना फळ्या बसवलेल्या. त्या शोभेसाठी असाव्यात असं तुम्हाला वाटेल. मलाही लहानपणी तसंच वाटायचं. पण नीट विचार करा. मातीच्या भिंतीची सगळ्यात कच्ची जागा कोणती? तिची कड. येता-जाता हात लागतो, पोरं घासत जातात, कुणी कोपऱ्यावर घागर आपटतं, की कडेची माती ढासळायला लागते. भोकाला तर चारी बाजूंनी कडाच असतात. म्हणून तिथं लाकूड. आधी गरज, मग शोभा. एकदा लाकूड लावायचंच ठरलं, की सुताराचा हात थोडाच स्वस्थ बसणार? तो त्यावर कमळ काढतो, वेल काढतो, पोपट काढतो. दाराच्या वरच्या पट्टीवर मधोमध गणपती काढतो. तिला गणेशपट्टी म्हणतात. त्या वाड्याच्या गणेशपट्टीवरचा गणपती तेल आणि हळदीकुंकवानं इतका झिजला होता, की सोंड कोणती आणि हात कोणता यावर वर्गात दोन तट पडले.

याच लाकडाची एक गंभीर गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती. माणसं दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. किल्लारीचा भूकंप म्हणतात तो हाच. हजारो माणसं झोपेतच गेली. घरं अशीच होती, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंतींतले दगड गोलसर, एकमेकांत नीट न गुंतलेले. हादरा बसला की भिंत फुगून कोसळायची.

नंतर इंजिनियर लोक गावोगाव फिरून पाहणी करू लागले, तेव्हा त्यांना एक गोष्ट दिसली. ज्या घरांत माळवदाचं ओझं लाकडी खांबांवर आणि तुळयांवर नीट पेललेलं होतं, तिथं कितीतरी ठिकाणी भिंती पडल्या, तरी लाकडाचा सांगाडा आणि त्यावरचं माळवद उभं राहिलं होतं. जिथं माळवद नुसतं भिंतीवर टेकलेलं होतं, तिथं भिंतीबरोबर तेही खाली आलं. पुढं नवी घरं बांधताना दारं-खिडक्यांच्या वर, घराच्या चारी भिंतींना फिरून येणारा सिमेंट-काँक्रीटचा एक पट्टा घालायला सांगितलं गेलं. कमरेला करदोडा बांधावा तसा. तुमचं घर नवीन असेल तर वडिलांना विचारा, आपल्या घराला हा पट्टा आहे का. आमच्याकडं हे विचारणं म्हणजे नुसती उत्सुकता नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास आणि १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले, तेव्हा परभणी जिल्ह्यातही भांडी वाजली होती आणि माणसं अंगणात धावली होती.

बरं, आता जरा गाडीत बसा. जिंतूरला जाऊ.

जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचं गाव आहे. तिथं यादवांच्या काळातली दगडी मंदिरं आहेत, पायऱ्यांचं कुंड आहे आणि एक उंच कोरीव दगडी स्तंभ आहे. गावकऱ्यांना त्याचा फार अभिमान, आणि तो असायलाच हवा. पण आपण चौकटी बघायला आलोय, विसरू नका! अशा जुन्या मंदिरात गाभाऱ्याच्या दारापाशी थांबायचं आणि दाराच्या दोन्ही बाजूंना बघायचं. एकाशेजारी एक अशा उभ्या दगडी पट्ट्या दिसतात. एक पट्टी वेलीची, एक फुलांची, एक खांबासारखी. त्यांना शाखा म्हणतात. तीन असल्या तर त्रिशाख दार, पाच असल्या तर पंचशाख. आणि वरच्या पट्टीच्या मधोमध? बहुतेक ठिकाणी गणपती. आठवलं काही? आमच्या गावातल्या वाड्याची गणेशपट्टी!

आता सांगा, दगडाला अशा वेगवेगळ्या पट्ट्यांची गरज काय? दगडाची कड मातीसारखी ढासळत नाही. जाणकार सांगतात, की आपल्याकडं आधी देवळं आणि घरं लाकडाची होती. दगडात काम सुरू झालं तेव्हा कारागिरांनी लाकडातली सवय दगडात उतरवली. लोणावळ्याजवळ कार्ल्याचं लेणं आहे. ते सगळं डोंगरात कोरलेलं, तरी छताला आतून खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्या आहेत. त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. डोंगराच्या पोटातल्या छताला लाकडाचा आधार कशाला लागतोय? पण लाकडाशिवाय छत असतं, हे त्या लोकांच्या डोळ्यांना पटतच नसावं.

जिंतूरजवळच नेमगिरीची जैन लेणी आहेत. तिथली दारं इतकी लहान, की मोठ्या माणसाला अगदी वाकून आत जावं लागतं, आणि आत गेलं की समोर मोठी मूर्ती. आमच्या सहलीत मुलं ताठ मानेनं आत गेली आणि आम्ही शिक्षक मंडळी रांगत! देवापुढं मान वाकावी म्हणून दार लहान, असं तिथं ऐकायला मिळतं. मला आपलं वाटतं, की जेवढं भोक लहान तेवढा दगड सुरक्षित, हेही कोरणाऱ्याच्या मनात असणार.

आता परत गावात. वाडा पाडायचा होता, हे तुम्हाला सांगितलंच आहे. वाड्याच्या आजींना सगळे 'मोठ्याई' म्हणतात. त्यांच्या नातवानं मागच्या अंगणात स्लॅबचं नवं घर बांधलं होतं. माळवद गळायचं, वाळवीनं दोन तुळया पोखरल्या होत्या, आणि भूकंपाची भीती होतीच. मी नातवाला दोष देणार नाही. गळक्या घरात राहणाऱ्याला जुन्या घरांचं कौतुक सांगणं सोपं असतं!

वाडा पाडणार ही बातमी पसरली आणि शहरातून एक व्यापारी टेंपो घेऊन हजर झाला. गणेशपट्टीची चौकट आणि दारावरच्या तिन्ही फळ्या त्याला हव्या होत्या. जुन्या सागवानाला मोठ्या शहरांत हॉटेलवाले आणि बंगलेवाले चांगली किंमत देतात. त्यानं नोटा काढून ओट्यावर ठेवल्या. घराचं प्लास्टर व्हायचं होतं, पैशाची गरज होती. नातू आजीकडं बघत राहिला. आम्ही सगळे दारात उभे. मोठ्याईंनी नोटांकडं पाहिलंच नाही. त्या म्हणाल्या, "मी सोळा वर्षांची असताना या उंबऱ्यावरचं माप लवंडून आत आले. उंबरा विकला तर मी कुठून आले म्हणून सांगू?"

व्यापारी वाईट माणूस नव्हता. "आजी, ही चौकट तुमच्या नव्या दाराला बसणारच नाही," असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. जुनी चौकट पाच फूट चार इंच उंच. नवं दार सात फुटी. अशा वेळी लाकूड चुलीत जाण्यापेक्षा कुणीतरी जपलेलं बरं, असं मलाही वाटतं. पुण्याला राजा केळकर संग्रहालयात ठिकठिकाणची जुनी कोरीव दारं आणि खिडक्या जपून ठेवल्या आहेत, त्या बघून मी हरखून गेले होते. पण संग्रहालयातल्या दारातून कुणी घरी येत नाही, हेही तितकंच खरं.

मग वाट काढली गावच्या सुतारमामांनी. ते वयानं सत्तरीच्या पुढचे. पूर्वी गावात बारा बलुतेदार असायचे. सुतार त्यातला एक. वर्षभर त्यानं नांगर, वखर, बैलगाडी, दारं-खिडक्या बघायच्या आणि सुगीला शेतकऱ्यानं त्याला धान्य द्यायचं. मामांच्या वडिलांनी ते दिवस पाहिले होते. मामांनी चौकटीवर बोट वाजवलं, फळ्यांना नखानं टोकरलं आणि म्हणाले, "मोठ्याई, चौकट देवघराला बसंल. आन् ह्या तीन फळ्या द्या मला. तुमच्या चारी खिडक्यांना आतून पट्ट्या करतो."

या पट्ट्या म्हणजे काय? तुमच्या खिडकीकडं बघा. लाकडी चौकट आणि प्लास्टर जिथं भेटतात, तिथं एक बारीक भेग दिसेल. ती पडणारच. लाकूड पावसाळ्यात दमट हवेनं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. म्हणून तर श्रावणात दारं घट्ट बसतात! गंमत अशी, की लाकूड रुंदीत कमी-जास्त होतं, लांबीत जवळजवळ नाहीच. भिंतीचं वागणं वेगळं. त्यातून आमची जमीन काळी. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात, की पोरांचा चेंडू आत जातो. जमीन हलली की भिंतीही थोड्या हलतात. मग लाकूड आणि भिंत यांची जोडी जुळायची कशी? भेग बुजवली तरी पुन्हा पडते. त्यापेक्षा भेगेवरून एक पट्टी मारायची. अर्धी चौकटीवर, अर्धी प्लास्टरवर. आत भेग पडो, न पडो, डोळ्याला दिसत नाही, आणि प्लास्टरची कडही तुटत नाही. जुन्या वाड्यातल्या फळ्यांचंच काम, फक्त अंग बारीक झालेलं.

फळ्या आधी आरा मशीनवर गेल्या. त्याआधी मामांनी एकेक जुना खिळा शोधून उपटला. लपलेला खिळा पात्याला लागला तर पातं जातं आणि माणसालाही इजा होते. तीन इंच जाडीच्या फळीचे तीन काप निघाले, आणि प्रत्येक कापातून चार इंच रुंदीच्या दोन पट्ट्या. म्हणजे एका फळीच्या सहा, तीन फळ्यांच्या अठरा. लांबी सात फूट. मग मामांनी रंधा मारायला सुरुवात केली. वरचं काळं-राखाडी अंग निघालं, आतून सोनेरी तपकिरी रंग आला आणि सागाचा वास सुटला. तेलकट, जरा चामड्यासारखा. फळ्या भिंतीत गेल्या तेव्हा मामांचे आजोबाही पोरसवदा असतील. एवढ्या वर्षांनी तो वास पुन्हा उघड्यावर आला होता. सागात एक नैसर्गिक तेल असतं. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणून तर दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी नागपूरकडचं सागवान नेलं, आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाहून सागवान गेलं.

आता माप. सुतार इंचाचे आठ भाग करतात, एका भागाला एक सूत म्हणतात. आठ सूत म्हणजे एक इंच. मोठ्याईंच्या खिडकीची आतली मोकळी जागा ३ फूट रुंद, ४ फूट उंच. मामांनी आधी काय मोजलं असेल? तिरकस अंतर! एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरी ताणली, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकट काटकोनात. आणि ३ फूट बाय ४ फुटांच्या खिडकीचा कर्ण किती असायला हवा? बरोब्बर ५ फूट. मोठ्या वर्गातल्या ताई-दादांना विचारा, ते त्याला पायथागोरसचं प्रमेय म्हणतील. मामा त्याला "तीन-चार-पाच" म्हणतात आणि पायथागोरस कोण हे त्यांना ठाऊक नाही. पुढच्या खोलीतल्या एका खिडकीत एक कर्ण ५ फूट आणि दुसरा पाऊण इंचानं कमी आला. मामा हसले. "बाई, भिंतीला कितीबी सजवा, दोरी खरं बोलती."

पट्टी चौकटीच्या आतल्या कडेशी अगदी जुळवून लावत नाहीत, दोन सूत मागं लावतात. कारण अगदी जुळवली तर केसभर फरकही डोळ्यात खुपतो. मुद्दामच मागं ठेवली, की तो फरक लपतो. हिशेब करा बघू. खिडकी ३६ इंच, दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत, आणि दोन्ही बाजूंना चार-चार इंचांची पट्टी. म्हणजे वरच्या पट्टीची लांबी ४४ इंच ४ सूत. सात फुटांच्या एका पट्टीतून असे दोन तुकडे निघतील का? फक्त पाच इंच कमी पडतात! मामांना त्याचं फार वाईट वाटलं. एका खिडकीला चार पट्ट्या लागल्या, चार खिडक्यांना सोळा. दोन उरल्या. त्या आमच्या शाळेला मिळाल्या. एकीवर आम्ही इंच, सूत आणि सेंटिमीटर आखून ती भिंतीला उभी लावली आहे, आता दर महिन्याला तिच्यावर मुलांची उंची मोजतो.

पट्ट्या कोपऱ्यात कशा जोडायच्या, यावर आजी-नातवाच्या घरात चांगलीच चर्चा झाली. नातवानं मोबाईलमध्ये फोटो आणले होते. फोटोच्या चौकटीसारखा पंचेचाळीस अंशांचा काप त्याला हवा होता. मामांचं मत वेगळं. "जुन्या चौकटीवानी वरची पट्टी सरळ बाजूच्यांच्या डोक्यावर बसवू. काप उघडतोय, सरळ जोड उघडला तरी दिसत न्हाई." शेवटी ठरलं, पुढच्या खोलीतल्या दोन खिडक्यांना नातवाच्या मनासारखा काप आणि आतल्या दोन खिडक्यांना मामांचा सरळ जोड.

पण पुढच्या खोलीत तर ती वाकडी खिडकी होती! तिचा कोपरा नव्वद अंशांचा नाही, मग पंचेचाळीसचा काप बसायचा कसा? मी कंपासपेटीतला कोनमापक काढायला लागले, तर मामांनी हातानंच थांबवलं. त्यांनी उभी पट्टी तिच्या जागेवर धरली आणि बाहेरच्या कडेनं भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली. मग ती काढून आडवी पट्टी धरली. ती जिथं त्या रेघेला बाहेरच्या बाजूनं मिळाली तिथं एक खूण, आतला कोपरा येणार तिथं दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या, त्या रेषेवर करवत चालवली. दुसऱ्या पट्टीला तसंच. दोन्ही तुकडे लावले, कोपरा बंद!

ही जादू नाही, भूमिती आहे. सारख्या रुंदीच्या कागदाच्या दोन पट्ट्या कापा. एकमेकींवर कशाही तिरक्या ठेवा. दोघी जिथं एकमेकींवर येतात तिथं एक चौकोन तयार होतो. त्याच्या चारही बाजू मोजा, सारख्या येतात. हा समभुज चौकोन. आणि समभुज चौकोनाचा कर्ण कोनाचे दोन सारखे भाग करतो. मामांनी आखलेली रेघ म्हणजे तोच कर्ण. कोपरा ९० चा असो, ८८ चा असो की ९३ चा, ही रेघ त्याचे बरोबर दोन भाग करणारच. अट एकच, दोन्ही पट्ट्या सारख्या रुंदीच्या हव्यात. म्हणूनच रंधा मारताना मामा पुन्हा पुन्हा रुंदी तपासत होते, आणि आम्हाला वाटत होतं की त्यांना विसरायला होतंय.

खिळे बारीक, डोकं चपटं केलेले. डोकं लाकडात थोडं आत ठोकायचं आणि वरून फेविकॉलमध्ये कालवलेला त्याच लाकडाचा भुसा भरायचा. रंग वेगळा दिसत नाही. सगळ्यात आधी खालची पट्टी, मग बाजूच्या, शेवटी वरची. तीन दिवस काम चाललं. वाड्याच्या दारावर जे लाकूड शंभर वर्षांच्या आसपास दगड तोलत होतं, ते आता चार खिडक्यांभोवती आरामात बसलं आहे. जुनी चौकट देवघराला बसली. मोठ्याईंनी पहिल्याच दिवशी गणेशपट्टीला हळदीकुंकू लावलं आणि आत जाताना सवयीनं मान वाकवली.

ऑगस्टमध्ये नागपंचमीच्या सुमारास मी पुन्हा त्या घरी गेले होते. पाऊस आठवडाभर लागून राहिला होता. पुढच्या खोलीतल्या खिडक्यांचे वरचे दोन काप बाहेरच्या टोकाला अर्धा सूत उघडले होते, आत मात्र घट्ट मिळालेले. पट्टी रुंदीत फुगली की काप असाच बाहेरून उघडतो. आतल्या खिडक्यांचे सरळ जोड मी वाकून, बोट फिरवून बघितले. तिथं काही कळत नव्हतं. नातू म्हणाला, "बाई, मामांना सांगू नका." मामा तेव्हा ओसरीवरच बसले होते आणि चहा पीत त्या कोपऱ्याकडंच बघत होते.